फ्रॉइडना न पटलेलं निरीक्षण: डॉ. गिरींद्रशेखर बोस यांचं प्रकरण

एप्रिल १९२९ मध्ये कलकत्त्याहून व्हिएन्नाला एक पत्र गेलं. लिहिणारे होते डॉ. गिरींद्रशेखर बोस, वय ४२, इंडियन सायकोॲनालिटिकल सोसायटीचे संस्थापक अध्यक्ष. ज्यांना लिहिलं ते मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड, वय ७२. पत्राचा सूर नम्र आहे, म्हणणं मात्र थेट आहे. इडिपस गंडाची, म्हणजे मुलाला वाटणारी आईची ओढ आणि बापाशी स्पर्धा यांची, माझी मांडणी तुम्ही लगेच स्वीकाराल अशी माझी अपेक्षा नाही, असं सांगून बोस मुद्द्यावर येतात. लिंगच्छेदाची धमकी भारतीय घरांत सर्रास दिली जाते, तरीही माझ्या भारतीय रुग्णांमध्ये त्या भीतीची लक्षणं युरोपियन रुग्णांइतकी ठळक दिसत नाहीत. भारतीय पुरुषाच्या मनात स्त्री होण्याची इच्छा असते आणि ती युरोपियन पुरुषापेक्षा सहज हाती लागते. शिवाय ज्या आईभोवती हा गंड फिरतो, ती बरेचदा नुसती आई नसते. आई आणि बाप एकत्र मिसळून तयार झालेली ती प्रतिमा असते, आणि आपल्याकडच्या मातृदेवतांचं मूळ बहुधा तिथेच आहे.

बोस यांच्या आयुष्यावर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. इथे मी त्यातली एकच परिस्थिती घेतली आहे. एका मनोविश्लेषकाला रोजच्या कामात काहीतरी दिसलं. ते त्या शास्त्राच्या जनकाच्या सिद्धांतात बसत नव्हतं. त्याने ते पत्राने कळवलं. त्या निरीक्षणाचं पुढे काय झालं, आणि तसंच का झालं?

फ्रॉइड यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. तीन ते सहा वर्षांच्या सुमारास मुलगा आईवर हक्क सांगू लागतो आणि बापाला प्रतिस्पर्धी मानतो. बाप आपलं लिंग छाटून टाकेल या भीतीने तो माघार घेतो. बापाचा अधिकार तो स्वतःच्या मनात रुजवून घेतो आणि त्यातून पराहम्, म्हणजे आतला न्यायाधीश, तयार होतो. या मांडणीत सगळा भार भीतीवर आहे. भीती काढून घेतली तर मुलगा आईवरचा हक्क का सोडतो, याचं उत्तरच उरत नाही. म्हणून बोस यांचं निरीक्षण किरकोळ तपशिलाचं नव्हतं.

असं लिहिण्याचं धाडस या माणसात कुठून आलं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

गिरींद्रशेखर यांचा जन्म १८८७ चा, बिहारमधल्या दरभंग्याचा. वडील चंद्रशेखर दरभंगा संस्थानाचे दिवाण होते आणि त्यांना वेदांताची ओढ होती. आई पुराणं वाचणारी. थोरले भाऊ राजशेखर म्हणजे ‘परशुराम’ या टोपणनावाने लिहिणारे बंगालीतले मोठे विनोदी लेखक. गिरींद्रशेखर १९१० मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि त्यांचा दवाखाना लवकरच चालू लागला. जादूचे प्रयोग आणि संमोहन यांचा नाद त्यांना तरुणपणापासून होता. मानसिक त्रास असलेले रुग्ण तपासताना संमोहनाचा उपयोग होतो, पण तो टिकत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मग ते रुग्णाला बोलतं करू लागले. फ्रॉइड यांचं लेखन इंग्रजीत तेव्हा नुकतंच येऊ लागलं होतं. बोस यांच्यापर्यंत ते नीट पोहोचलं, तोवर त्यांची स्वतःची अशी एक पद्धत बरीचशी तयार झाली होती. पुढचा सगळा गुंता समजून घ्यायचा तर ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. व्हिएन्ना, बर्लिन किंवा लंडनमध्ये जे तयार झाले, ते फ्रॉइड यांच्याकडे शिष्य म्हणून गेले होते. बोस गेले ते स्वतःच्या रुग्णांच्या नोंदी बरोबर घेऊन, आणि गेले तेही टपालाने. दोघांची भेट कधी झालीच नाही.

कलकत्ता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांनी प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू केला होता. चालता दवाखाना सांभाळून बोस तिथे पुन्हा विद्यार्थी झाले, एम. एस्सी. झाले आणि मग शिकवूही लागले. १९२१ मध्ये दमनाच्या, म्हणजे इच्छा नेणिवेत दडपली जाण्याच्या, संकल्पनेवरच्या प्रबंधासाठी त्यांना डी. एस्सी. मिळाली. भारतीय विद्यापीठाने मानसशास्त्रात दिलेली ही पहिली डॉक्टरेट मानली जाते. प्रबंधाचं पुस्तक झालं आणि त्याची प्रत त्यांनी व्हिएन्नाला पाठवली. पुस्तकातली मुख्य मतं बरोबर आहेत असा निर्वाळा फ्रॉइड यांनी उत्तरात दिला आणि इतक्या दूरच्या देशात मनोविश्लेषणाला एवढा प्रतिसाद मिळावा याचं आश्चर्य व्यक्त केलं.

पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, पारसीबागान लेनमधल्या बोस यांच्या घरी सोसायटी स्थापन झाली आणि मनोविश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी जोडली गेली. संस्थापक सदस्य १५. त्यांत मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक बरेच होते, काही डॉक्टर होते आणि दोन ब्रिटिश होते. याच घरात राजशेखरांचा मित्रमेळा जमायचा. परशुरामांच्या कथांना चित्रं काढणारे जतींद्रकुमार सेन त्या मेळ्यातले. त्यांनी फ्रॉइडना कधी पाहिलं नव्हतं, छायाचित्रही पाहिलं नव्हतं. तरी लेखनावरून हा माणूस कसा दिसत असेल याचा अंदाज बांधून त्यांनी एक चित्र काढलं आणि बोस यांनी ते व्हिएन्नाला पाठवलं. चित्र फारच छान आहे, विषयाच्या मानाने जरा जास्तच छान, असं फ्रॉइड यांनी कळवलं. चित्रकाराने काही वांशिक वैशिष्ट्यं लक्षात घेतलेली नाहीत, हेही लिहिलं. आपल्या लेखिका मैत्रीण लू आंद्रेआस-सालोमे यांना लिहिताना मात्र त्यांनी सांगितलं की कलकत्त्याच्या माणसाने मला अगदी इंग्रज करून टाकलं आहे. मला हा किस्सा हृद्य वाटतो. कलकत्त्यात बसलेल्या माणसाला ‘युरोपचा मोठा शास्त्रज्ञ’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर साहेबच येणार. आणि तो साहेब आपल्या देशात स्वतःच उपरा मानला जाणारा ज्यू होता.

आता त्या दोन ब्रिटिश सदस्यांकडे वळू. त्यांच्याशिवाय या प्रकरणातला ताण कळत नाही.

ओवेन बर्कली-हिल हे रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे अधीक्षक. क्लॉड डेली लष्करातले अधिकारी. दोघांचाही मनोविश्लेषणाचा अभ्यास होता आणि दोघांनीही त्याचा वापर हिंदू समाजाचं निदान करण्यासाठी केला. बर्कली-हिल यांनी १९२१ मध्ये हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान आणि स्वभाव यांची उकल बाल्यावस्थेतल्या मलविसर्जनाशी जोडलेल्या प्रवृत्तींतून केली. डेली यांनी कालीची उपासना लिंगच्छेदाच्या भीतीशी जोडली आणि १९३० मध्ये क्रांतिकारकांच्या चळवळीवर लेख लिहून तिच्यामागे मातृदेवतेत अडकून पडलेलं, पुरेसं न वाढलेलं मन असल्याचं सांगितलं. एक संपूर्ण समाज त्यांनी रुग्णाच्या कोचावर झोपवला, तोही त्या समाजाने काही सांगण्याआधीच. १९३० साली, मिठाचा सत्याग्रह चालू असताना, अशा निदानाचा राज्यकर्त्यांना काय उपयोग होता हे वेगळं सांगायला नको.

बोस आणि हे दोघे एकाच संस्थेत होते, एकाच आंतरराष्ट्रीय नियतकालिकाचे वाचक होते आणि एकाच समाजाबद्दल बोलत होते. डेली आणि बर्कली-हिल यांनी युरोपात तयार झालेलं माप घेतलं आणि भारतीय माणूस त्यात किती कमी पडतो ते मोजलं. बोस यांच्याकडे भारतीय आणि युरोपियन असे दोन्ही रुग्ण येत होते. त्यांनी दोघांना शेजारी ठेवून पाहिलं आणि माप पुन्हा तपासायला हवं असं म्हटलं. फरक दिसला की तो ‘कमी’ असलाच पाहिजे, असं त्यांनी गृहीत धरलं नाही. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोलाचं काम मला हेच वाटतं.

पण बोस फक्त निरीक्षणावर थांबले असते तर प्रकरण सोपं झालं असतं. त्यांच्याकडे स्वतःचा सिद्धांतही होता, विरुद्ध इच्छांचा. प्रत्येक इच्छेबरोबर तिच्या उलटी इच्छा मनात जन्म घेते. मारण्याच्या इच्छेबरोबर मार खाण्याची, पाहण्याच्या इच्छेबरोबर पाहिलं जाण्याची, पुरुष होण्याच्या इच्छेबरोबर स्त्री होण्याची. दोन्ही एकाच वेळी पुऱ्या होऊ शकत नाहीत, म्हणून एक वर राहते आणि दुसरी नेणिवेत ढकलली जाते. दमन होतं ते असं. बाहेरच्या बंधनामुळे इच्छा दडपली जाते हे वरवरचं कारण, खरा झगडा त्या दोन इच्छांमधला. बापाची धमकी परिणाम करते, कारण मुलाच्या मनात स्त्री होण्याची इच्छा आधीच दबा धरून असते. ती नसती तर धमकी पोकळ ठरली असती.

उपचारही यातूनच निघाला. रुग्णाने ज्याच्यावर इच्छा रोखली आहे, त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहायचं. मालकाला मारावंसं वाटतं? मग मार खाणारा मालक होऊन बघा. हळूहळू दडलेली इच्छा वर येते, मग पहिली, मग पुन्हा दुसरी. लहान मुलांच्या सी-सॉसारखं हे वर-खाली होत राहतं आणि शेवटी दोन्ही बाजू जाणिवेत समतोल येतात. रुग्ण मनात येईल ते बोलतो आहे आणि विश्लेषक मागे बसून ऐकतो आहे, या फ्रॉइड यांच्या पद्धतीपेक्षा ही जास्त सूचक, जास्त हाताला धरून नेणारी पद्धत होती.

इडिपस गंड सुटतो कसा, याचं बोस यांचं उत्तर तर फ्रॉइड यांच्या अगदी उलट होतं. मुलगा बापाच्या अधिकारापुढे नमतो आणि गंड मिटतो, हे त्यांना मान्य नव्हतं. आतल्या त्या अधिकाराशी लढून त्याला जिंकलं, कल्पनेत बापालाच स्त्री करून टाकण्याइतकं बळ आलं, की मगच माणूस मोकळा होतो, असं त्यांनी मांडलं. या लेखनाचा काळ १९२८-२९ चा. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोर काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. त्यामुळे परक्या सत्तेखाली जगणाऱ्या माणसाचा हा सिद्धांत आहे, असं काही इतिहासकार म्हणतात. त्यात तथ्य असेलही. तरी मला तेवढ्यावर थांबणं अन्यायाचं वाटतं. व्हिएन्नातल्या माणसाने लिहिलं तर तो सिद्धांत आणि कलकत्त्यातल्या माणसाने लिहिलं तर ते त्याच्या परिस्थितीचं लक्षण, अशी वाटणी त्यातून होते. बोस यांनी दावा रुग्णांच्या आधारे केला होता, तो रुग्णांच्याच आधारे तपासायला हवा होता.

फ्रॉइड यांची १९२९ ची उत्तरं म्हणूनच बारकाईने वाचण्यासारखी आहेत. त्यांनी बोस यांचे निबंध वाचले होते, आणि मनापासून वाचले होते. तुमच्या सिद्धांतात गतिशील कारणापेक्षा आकाराचा, मांडणीच्या साच्याचा भाग जास्त आहे, असं ते म्हणाले. लिंगच्छेदाच्या भीतीची ताकद तुम्ही कमी लेखता, असंही म्हणाले. मग एक वेगळीच गोष्ट आली. बोस यांनी सर्वसाधारण वाचकांसाठी लिहिलेल्या एका निबंधात, ग्रीक कथेतला, नकळत बापाला मारून आईशी लग्न करणारा इडिपस डोळे फोडून घेतल्यावर आत्महत्या करतो, असं लिहिलं होतं. मूळ कथेत तसं काही नाही. शास्त्रीय निबंधात बोस यांनी कथा बरोबर दिली होती. तुमच्या लेखनात मला सापडलेली ही एकच चूक नेमकी याच मुद्द्याशी जोडलेली आहे, असं फ्रॉइड यांनी लिहिलं. त्यांच्या लेखी डोळे फोडणं हे लिंगच्छेदाचंच प्रतीक. म्हणजे सूचना अशी की, ज्या गोष्टीचं महत्त्व तुम्ही सिद्धांतात नाकारता, तिच्यापाशीच तुमची लेखणी घसरली.

मनोविश्लेषणात अशा घसरण्याला अर्थ असतो आणि फ्रॉइड यांचा नेम चुकलेला नाही. पण या क्षणी वादाची जात बदलते. बोस सहकारी म्हणून पुरावा मांडत होते, आणि एका वाक्यापुरते ते रुग्णाच्या जागी गेले. मतभेदाचंच लक्षण म्हणून वाचन झालं की त्याला उत्तर देता येत नाही. जितकं उत्तर द्यावं तितका तो प्रतिकार ठरतो. शिवाय ही वाट एकाच दिशेने जाणारी होती. लिंगच्छेदाच्या भीतीला फ्रॉइड इतकं का धरून आहेत, असा प्रश्न कलकत्त्याहून व्हिएन्नाला विचारला जाणं शक्य नव्हतं.

तरीही फ्रॉइड यांच्यावर अन्याय नको. मे १९२९ च्या पत्रात त्यांनी स्पष्ट लिहिलं की भारतीय आणि युरोपियन रुग्णांतल्या या फरकाचा माझ्यावर पूर्ण प्रभाव पडला आहे आणि विरुद्ध इच्छेचा प्रश्न मी नजरेसमोर ठेवीन. स्त्री होण्याची इच्छा आणि स्त्री होण्याची भीती यांचा लिंगच्छेदाशी संबंध मी कधीच नाकारलेला नाही, हेही त्यांनी सांगितलं होतं. पण त्यांच्या मुख्य सिद्धांताची मांडणी या निरीक्षणामुळे पुढे बदलली नाही.

का नाही बदलली? अंतर, वय, जबड्याचा कर्करोग ही कारणं आहेतच. पण मोठी कारणं दोन दिसतात, आणि त्यातलं एक बोस यांच्याकडचं आहे.

त्यांनी निरीक्षण आणि सिद्धांत एकाच गाठोड्यात बांधून पाठवले. भारतीय पुरुष रुग्णांत अमुक दिसतं, हे निरीक्षण. प्रत्येक इच्छेला उलटी इच्छा असते, हा सिद्धांत. पहिलं खरं असू शकतं आणि दुसरं चूक. सिद्धांताबद्दलची फ्रॉइड यांची तक्रार मला रास्त वाटते. सगळ्या इच्छांच्या अशा नीटस जोड्या लावल्या की काहीही समजावून सांगता येतं, पण अमुक माणसात अमुक वेळी हीच इच्छा का दाबली गेली, ते कळत नाही. वेदांतात वाढलेल्या, द्वंद्वांची भाषा घरात ऐकलेल्या मनाला असा समतोल सुंदर वाटला असणार. पण त्या सिद्धांताबरोबर निरीक्षणही बाजूला पडलं. बोस यांनी चार-पाच रुग्णांचे सविस्तर वृत्तांत, सिद्धांताचा शब्दही मध्ये न आणता, छापले असते तर दुसऱ्यांना काहीतरी हातात धरता आलं असतं. त्यांच्या निबंधांत रुग्ण येतात ते मुद्द्याचा दाखला म्हणून. आले की लगेच निघून जातात.

दुसरं कारण व्यवसायाच्या रचनेतलं. १९२५ नंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रशिक्षणाचे नियम कडक करायला घेतले. विश्लेषक व्हायचं तर आधी स्वतःचं विश्लेषण अनुभवी विश्लेषकाकडून करून घ्यायचं. बोस यांचं विश्लेषण कुणी केलं नव्हतं. त्यांनी ते स्वतःचं स्वतः केलं, फ्रॉइड यांच्यासारखंच. फ्रॉइड यांच्याभोवती मात्र फेरेंझी, अब्राहम, जोन्स यांच्यासारखे वाद घालणारे सहकारी होते. कलकत्त्यात जे पुढे आले ते बोस यांनीच तयार केलेले. वयाने, मानाने, ज्ञानाने वडीलधाऱ्या माणसाला सभेत खोडून काढायचं, हे आपल्याकडे आजही किती जणांना जमतं? बोस १९२२ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत, ३१ वर्षं, अध्यक्ष राहिले. बापाच्या अधिकाराला जिंकल्याशिवाय मोकळं होता येत नाही, असं सांगणाऱ्या माणसाच्या संस्थेत त्याला आव्हान देणारं कुणी उभं राहिलं नाही. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. त्यांच्या एकटेपणाची ही किंमत होती आणि ती त्यांच्या सिद्धांताने मोजली.

दोघांमधला जिव्हाळा मतभेदाने आटला नाही. १९३१ मध्ये फ्रॉइड ७५ वर्षांचे झाले तेव्हा कलकत्त्याच्या सोसायटीने त्यांना विष्णूची हस्तिदंती मूर्ती पाठवली. त्यांनी ती आपल्या मेजावर ठेवली आणि ही मूर्ती परदेशांत मनोविश्लेषणाने मिळवलेल्या विजयांची आठवण देत राहील, असं लिहिलं. विजय म्हटल्यावर कुणीतरी जिंकलेलं असतं आणि कुणीतरी जिंकला गेलेला असतो. बोस यांच्या बाजूने ती भेट होती. लंडनच्या फ्रॉइड संग्रहालयात ती आजही आहे.

त्यानंतरची बोस यांची वर्षं सिद्धांतापेक्षा संस्था उभारण्यात गेली, आणि त्यांचा फायदा प्रत्यक्ष रुग्णांना झाला. १९३३ मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. करमध्ये, मानसिक आजारांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. सर्वसाधारण रुग्णालयातला देशातला हा असा पहिला विभाग. तोवर मानसिक आजार म्हणजे थेट वेड्यांचं इस्पितळ, उंच भिंती आणि कुलपं. ताप-खोकल्याचे रुग्ण जिथे रांगेत बसतात तिथेच मनाचा रुग्णही बसू शकतो, ही कल्पना नंतर १९३८ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयात आली आणि हळूहळू देशभर पसरली. आज सातारा किंवा नांदेडच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभागाचा केसपेपर काढणाऱ्या माणसाला बोस हे नाव माहीत असण्याचं कारण नाही. त्या केसपेपरची सुरुवात मात्र तिथली आहे. १९४० मध्ये राजशेखरांनी दिलेल्या जागेत अवघ्या तीन खाटांवर लुंबिनी पार्क रुग्णालय सुरू झालं. काझी नझरुल इस्लाम यांची वाचा आणि स्मृती हरपली तेव्हा, १९४२ मध्ये, त्यांना काही महिने तिथेच ठेवलं होतं.

१९२९ चं निरीक्षण पुन्हा वर आलं ते सुधीर कक्कर यांच्यामुळे. इंजिनिअरिंग आणि अर्थशास्त्र शिकून, अहमदाबादेत मनोविश्लेषक एरिक एरिकसन यांच्या सहवासात येऊन कक्कर मनोविश्लेषणाकडे वळले. फ्रँकफर्टमध्ये त्यांचं प्रशिक्षण झालं आणि दिल्लीत त्यांनी दवाखाना थाटला. त्यांच्या भारतीय पुरुष रुग्णांमध्येही बापाच्या भीतीपेक्षा आईची सर्वव्यापी ओढ, तिच्यात विरघळून जाण्याची आस आणि त्याच गोष्टीचं भय हे अधिक ठळक होतं. १९८९ च्या एका निबंधात त्यांनी बोस यांचं ते पत्र समोर ठेवलं आणि साठ वर्षांपूर्वी हे कुणीतरी पाहिलं होतं, याची नोंद केली. दोन स्वतंत्र दवाखाने, दोन पिढ्या, दोन शहरं आणि जवळपास तेच निरीक्षण. पुराव्याच्या दृष्टीने ही किरकोळ गोष्ट नाही. कक्कर यांची शेवटची वर्षं गोव्यात गेली आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं. भारताबाहेरही असं घडलं होतं. जपानचे हेसाकु कोसावा १९३२ मध्ये व्हिएन्नात फ्रॉइडना भेटले आणि आई-मुलाच्या अपराधभावावर उभी असलेली अजातशत्रूची कथा त्यांच्यापुढे ठेवली. तिथेही फ्रॉइड यांनी विशेष रस घेतला नाही.

मराठी वाचकाला बोस यांचं म्हणणं तपासून पाहायला लांब जावं लागत नाही. गणपतीच्या कथेत आईच्या दारावर पहारा देणारा मुलगा आहे आणि शिरच्छेद होतो तो मुलाचा, बापाच्या हातून. पुरू आपलं तारुण्य ययातीला देऊन टाकतो, देवव्रत शंतनूच्या सुखासाठी लग्न आणि राज्य दोन्ही सोडतो. बाप मुलाला संपवतो किंवा मुलगा बापासाठी स्वतःला संपवतो. मुलाने बापाला मारल्याच्या कथा क्वचित, आणि बभ्रुवाहनाच्या हातून पडलेला अर्जुनही पुन्हा उठतो. आई-बाप एकत्र मिसळलेल्या प्रतिमेचं बोस यांचं वाक्य वाचलं तेव्हा मला तर पंढरपूरच आठवलं. कमरेवर हात ठेवून उभा असलेला पुरुष देव, आणि त्याला माउली म्हणणारे लाखो पुरुष. ज्ञानेश्वरांनी विराण्या लिहिताना विरहिणी होऊन लिहिलं आणि त्यात कुणालाही लाज वाटली नाही. कीर्तनात त्या गाणाऱ्या मिशाळ, शेतकरी बाप्यालाही वाटत नाही. वारकऱ्यांच्या भक्तीचं निदान करण्याचा माझा हेतू नाही. बर्कली-हिल यांनी केलं ते आपण करू नये. मला एवढंच दिसतं की पुरुषाच्या मनातल्या स्त्रीपणाला इथल्या संस्कृतीने उघड, मानाची जागा दिली आहे, आणि अशा समाजातला रुग्ण बोस यांच्यासमोर ती इच्छा ‘सहज’ बोलून दाखवत असेल तर ते समजण्यासारखं आहे.

पण इथेच बोस आणि कक्कर या दोघांकडेही एक मागणी करावी लागते. ‘भारतीय रुग्ण’ म्हणजे कोण? बोस यांच्याकडे येणारे प्रामुख्याने कलकत्त्याच्या सुशिक्षित, वरच्या जातींच्या घरांतले पुरुष होते. एकत्र कुटुंब, घरात आई-काकू-आजी, बाप लांबचा आणि आदराचा, अशा घरात वाढलेला मुलगा हा भारतीय मुलगा खरा, पण सगळे भारतीय मुलगे तसे नव्हेत. जिथे आई पहाटे कामाला जाते आणि मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर वाढतं, तिथे ती सर्वव्यापी आई कुठे आहे? जिथे बापाचाच रोज अपमान होताना मुलगा पाहतो, तिथे बापाच्या अधिकाराशी लढायचं म्हणजे काय? आणि स्त्रिया? १९२९ च्या त्या पत्रातला सगळा वाद पुरुष होणं आणि स्त्री होणं यावर आहे, पण त्यात बोलणारी स्त्री एकही नाही.

बोस-फ्रॉइड पत्रव्यवहार १९५६ मध्ये सोसायटीच्या ‘समीक्षा’ या नियतकालिकात छापला गेला. तो आजही वाचता येतो आणि मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात वाचायला द्यावा असा आहे. फ्रॉइड यांची उत्तरं आणि बोस यांचे प्रश्न शेजारी ठेवून, मग विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वतःच्या रुग्णांच्या नोंदी काढायला सांगाव्यात, कोल्हापूरच्या, धारावीच्या, गडचिरोलीच्या, आणि बोस यांनी व्हिएन्नाला जे विचारलं तेच त्यांनी बोस यांना विचारावं.